अडीच वर्षांच्या मुलीसोबत फळं निवडताना: काय तिच्या हाती द्यायचं, काय आपल्या हाती ठेवायचं

पुण्यातल्या एका बाबांनी विचारलंय: 'मुलगी अडीच वर्षांची आहे. रविवारी सकाळी फळं आणायला माझ्यासोबत येते. दिसेल त्या आंब्यात अंगठा खुपसते, फळवाले खेकसतात. तिला घरी ठेवून जावंसं वाटत नाही, उलट तिला निवडायला शिकवावंसं वाटतं. पण खरं सांगायचं तर मलाच नीट निवडता येत नाही. मागच्या आठवड्यात पिवळाधमक हापूस आणला, तो आतून पांढरट निघाला. कलिंगड पाणचट. पिकलेलं फळ ओळखायचं कसं, आणि त्यात या वयाच्या पोरीची मदत घ्यायची कशी?'

दादा, मी खेकसणाऱ्यांच्या बाजूची आहे. आमचं फळांचं दुकान आहे, माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून येतो. माझी मुलं क्रेटांच्या मधे खेळत मोठी झाली आणि आता नात येते. त्यामुळे अंगठ्याचं दुखणं मला दोन्हीकडून ठाऊक आहे. दाबलेला आंबा त्या दिवशी काही बोलत नाही. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी काळपट, मऊ डाग उमटतो, आणि तोवर तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पिशवीत गेलेला असतो. ते गिऱ्हाईक परत येऊन आम्हाला बोल लावतं. म्हणून फळवाला ओरडतो, मुलांचा राग म्हणून नाही. मोठी माणसं तर मुलांपेक्षा जास्त दाबतात, फक्त त्यांच्यावर ओरडता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पण दोन्हींची गाठ एकाच जागी आहे. तुम्ही प्रत्येक फळाला एकच प्रश्न विचारताय: पिकलंय का? दुकानात उभं राहून हा प्रश्न निम्म्या फळांना विचारायचाच नसतो.

काही फळं झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. आंबा, केळं, चिकू, पपई, पेरू, फणस ही त्यातली. काही फळं तोडली की तिथेच थांबतात. कलिंगड, द्राक्षं, अननस, संत्री-मोसंबी, डाळिंब, लिची यांची गोडी तोडताना जेवढी होती तेवढीच राहते, घरी ठेवून ती शिळी होतील पण गोड होणार नाहीत. पहिल्या गटात आपण पिकलेलं फळ शोधत नसतो, 'तयार' फळ शोधत असतो, म्हणजे झाडावर पुरतं भरलेलं. पिकणं घरी होतं. दुसऱ्या गटात मात्र आत्ता, या क्षणी ते पिकलेलं असायलाच हवं, कारण नंतर संधी नाही. खरबूज या दोन्हींच्या मधे बसतं: घरी ठेवलं तर मऊ होतं, वास वाढतो, पण साखर वाढत नाही.

मुलीचं काम याच विभागणीतून ठरतं. कलिंगडाची साल जाड, त्यावर तिने बुक्क्या मारल्या तरी बिघडत नाही. तिथे तिला मोकळं सोडा. आंब्याची परीक्षा नाजूक हाताची आणि सवडीची, ती बाजाराच्या गर्दीत तिच्याकडून होणार नाही. ती घरी, रोज थोडी थोडी होऊ द्या. मी जे काही सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच आहे, बाकी सगळे बारकावे.

बारकावे सांगण्याआधी एक गोष्ट. यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. आंबा कुठल्या जातीचा आहे, आज खायचाय की गुरुवारी, फळवाला ओळखीचा आहे की नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोर भुकेलं आहे की पोट भरून आलंय. भुकेलं मूल फळं निवडत नाही, मागतं. निघण्याआधी काहीतरी खाऊ घाला आणि ऊन चढायच्या आत या. सकाळी मालही नुकताच लावलेला असतो, आम्हीही माणसांत असतो. संध्याकाळी सातला या वयाचं मूल घेऊन आलात तर माझ्याकडूनही गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

आंब्यापासून सुरुवात करू, कारण तुमचं खरं दुःख तिथे आहे.

हापूस घेताना रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी खांदे बघा. देठाच्या दोन्ही बाजूंचा भाग भरून देठाच्या वर आलेला असेल आणि देठ खळगीत बसल्यासारखा दिसत असेल, तर फळ झाडावर पुरतं भरलंय. देठापासून खांदे उतरते असतील तर ते कोवळं काढलंय. असं फळ पुढे पिवळं होईल, मऊसुद्धा पडेल, पण गोड व्हायचं नाही. बाजार तेजीत असला की, विशेषतः अक्षय्य तृतीयेच्या आधी, कोवळा माल जास्त येतो. तेव्हा खांदे बघायची सवय कामी येते.

मग वास. नाक देठापाशी न्यायचं, पोटापाशी नाही. पिकत आलेल्या हापूसचा घमघमाट देठाशी आधी येतो. इथे रंगावर भरवसा का ठेवायचा नाही तेही सांगते. लंगडा पिकला तरी हिरवाच असतो. केसरच्या अंगावर हिरवी झाक राहते. पायरीच्या खांद्यावर लाली येते ती पिकण्याआधीही असू शकते. नैसर्गिकरीत्या पिकलेला हापूसही एकसारखा पिवळा क्वचितच होतो, कुठे केशरी, कुठे थोडा हिरवट, असाच तो पिकतो. सगळी पेटी एकाच पिवळ्या रंगाची दिसली आणि वास मात्र जवळ जाऊनही येत नसला, तर मी ती घेत नाही.

वासाचा आणखी एक उपयोग. 'हापूस' या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यापुरतं आहे. पण बाजारात कर्नाटकातला आंबाही त्याच नावाने विकला जातो. दिसायला सारखा, वासाला कमी. तो वाईट असतो असं नाही, पण देवगडच्या भावाने घ्यायचा नसतो.

कार्बाइडची भीती सगळ्यांना असते, त्यामुळे त्याबद्दल स्पष्टच लिहिते. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. ओलाव्याशी संबंध आला की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, तो साल पिवळी करतो, आणि त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, खरा धोका त्यांचा. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवणं मात्र वेगळं. इथिलीन फळ स्वतःही सोडतं, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरायला परवानगी दिली आहे. 'चेंबरचा आंबा' म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्याची गरज नाही. तयार फळ चेंबरमध्ये व्यवस्थित पिकतं. कोवळं फळ अढीतही, म्हणजे गवतात थर लावून ठेवलं तरी, पिकत नाही आणि चेंबरमध्येही नाही.

तुमचा पांढरट आंबा नेमका कशामुळे, हे कसा पांढरट होता त्यावर ठरेल. कापल्यावर सगळाच गर फिकट, कडक आणि आंबट होता का? मग तो कोवळा काढून घाईने पिवळा केलेला होता. की बाहेरून गर छान केशरी आणि कोयीच्या आजूबाजूला मात्र पांढरट, भुसभुशीत, आंबट असा पट्टा होता? मग तो साका. साका हा हापूसला लागलेला शाप आहे. तो बाहेरून कुणालाही ओळखता येत नाही, मला नाही, बागायतदाराला नाही आणि अंगठ्याने दाबणाऱ्याला तर मुळीच नाही. तो रोग नव्हे, फळाच्या आतल्या वाढीतला बिघाड आहे, उन्हाच्या तडाख्याने वाढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात १९८१मध्ये काढली. तिच्यात साका होत नाही, हे तिचं एक मोठं वैशिष्ट्य. सांगायचा मुद्दा हा की डझनात एखादा साका निघाला तर तुमची निवड चुकली असं नाही. ओळखीचा फळवाला असा आंबा बदलून देतो, निदान पुढच्या वेळी एक जास्त टाकतो. अर्धं फळ घेऊन या आणि दाखवा.

आता मुलीचं काम. बाजारातून सगळे आंबे पिकलेले आणू नका. दोन-तीन आजचे, चार-पाच पाडाचे म्हणजे पिकायला लागलेले, बाकीचे कडक हिरवे आणा. घरी जाऊन अढी लावा. पेंढा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आमच्या पेट्यांतलं गवत मागून न्या, आम्ही नाहीतरी टाकूनच देतो. तेही नसेल तर खोक्यात वर्तमानपत्र चालतं. देठ खाली करून एकेक थर लावायचा, वर पुन्हा गवत. खोकं जमिनीवर, तिच्या हाताला पोचेल असं. लवकर हवे असतील तर मधे एक पिकलेलं केळं ठेवा, त्याच्या इथिलीनने वेग येतो. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवायचा नाही, साधारण १३ अंशांखाली तो गारठतो आणि मग बाहेर काढला तरी धड पिकत नाही. पिकल्यावर हवा तर ठेवा.

रोज संध्याकाळी ती आणि तुम्ही अढी उघडायची. ती वास घेणार, तुम्ही हात लावणार. अंगठा नाही. आंबा तळव्यात धरायचा आणि पाची बोटं हलकेच मिटायची, सगळ्या बाजूंनी सारखा दाब. अडीच वर्षांच्या मुलाला 'हळू' हा शब्द कळतो पण हाताला कळायला वेळ लागतो, म्हणून तिचा हात तुमच्या हातावर ठेवा आणि दाब तुम्ही द्या. आमच्या नातीला असं शिकवताना तिने पहिले काही दिवस आंब्याऐवजी माझीच बोटं चेपली. चालतं. आंबा 'झाला' की 'नाही झाला' हे तिने सांगायचं, आणि झालेला एका ताटलीत वेगळा ठेवायचा. नुकताच उतरवलेला हिरवा हापूस पिकायला आठ-दहा दिवस घेतो. तेवढ्या दिवसांत कडक, मग जरा दबणारा, मग सुवासिक, मग किंचित सुरकुतलेला अशा सगळ्या अवस्था तिच्या हाताखालून जातात. बाजारात पाच मिनिटांत हे कुणी शिकवू शकत नाही.

सुरकुत्यांबद्दल एक सांगायला हवं. वास भरपूर आणि साल किंचित सुरकुतलेली असेल, तर तो हापूस खायला सगळ्यात गोड अवस्थेत आहे, लगेच खा. साल सुरकुतली पण वासच नाही, तर तो कोवळा काढलेला, नुसता वाळतोय. त्याचा मेथांबा किंवा आंबटगोड लोणचं करा, वाट बघत बसू नका.

घरी करायचा आणखी एक उद्योग, जो मुलांना बेहद्द आवडतो. बादलीभर पाण्यात कच्चे आंबे सोडायचे. झाडावर पुरता भरलेला आंबा बुडतो, कोवळा काढलेला तरंगतो. ही ढोबळ परीक्षा आहे, पण अढीत कुठला आंबा पुढे लावायचा नि कुठला लोणच्याला काढायचा हे ठरवायला पुरते. त्याच पाण्यात लहानसं कलिंगड सोडा. एवढं मोठं कलिंगड तरंगतं आणि एवढासा आंबा तळाला जातो, हे बघून नात अजून दरवेळी माझ्याकडे संशयाने बघते, जणू मीच काहीतरी केलंय. या पाण्याचा दुसरा फायदा म्हणजे देठाकडचा चीक धुऊन जातो. आंब्याच्या चिकाने लहान मुलांच्या ओठांभोवती पुरळ येतं, म्हणून आंबा खायच्या आधीही अर्धा-एक तास पाण्यात ठेवावा आणि देठाकडची चकती कापून टाकावी. बादलीपाशी मात्र तुम्ही बसलेले असायला हवं, मधेच फोन घ्यायला उठायचं नाही, आणि काम झालं की पाणी ओतून द्यायचं.

आतापर्यंतचं थोडक्यात: आंबा बाजारात खांद्यांवरून आणि वासावरून घ्यायचा, वेगवेगळ्या अवस्थांतला घ्यायचा, आणि दाबून बघण्याचं शिक्षण घरच्या अढीवर द्यायचं.

कलिंगड. हे तुमच्या मुलीचं फळ. इथे तिला डोळे, कान आणि हात तिन्ही वापरू द्या.

पहिलं काम: 'पिवळा डाग शोध.' कलिंगड शेतात ज्या बाजूने जमिनीला टेकलेलं असतं तिथे साल फिकट राहते. तो डाग लोण्याच्या किंवा हळदीच्या रंगाकडे झुकलेला असेल तर फळ वेलीवर पुरेसे दिवस राहिलंय. पांढरट किंवा हिरवट असेल तर लवकर तोडलंय. हा डाग शोधायला कलिंगड गोल फिरवावं लागतं, आणि गोल फिरवणं हे अडीच वर्षांच्या मुलाचं आवडतं काम आहे. तुम्ही फक्त घरंगळू देऊ नका.

दुसरं: आवाज. स्वतःच्या कपाळावर टिचकी मारा, मग छातीवर थाप मारा, मग पोटावर. कलिंगड कपाळासारखं टणटण वाजलं तर कच्चं, छातीसारखं घुमलं तर झालेलं, पोटासारखं भदभद वाजलं तर उतरलेलं. मुलं हे लगेच करतात, आणि मग बराच वेळ वडिलांच्याच कपाळावर करत राहतात. आवाजाची परीक्षा एकट्या फळावर जमत नाही, हे लक्षात ठेवा. शेजारी-शेजारी तीन-चार वाजवली की फरक कळतो. तुम्हाला कळला नाही तर आम्हाला वाजवायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

तिसरं: वजन. सारख्या आकाराची दोन उचलायची, जड लागेल ते घ्यायचं. मोठं कलिंगड मूल उचलू शकत नाही, त्यासाठी त्या काळपट सालीच्या लहान जातीची कलिंगडं बघा, दोन-अडीच किलोची येतात. ती तिच्या मांडीवर ठेवून 'जड कुठलं?' विचारता येतं.

आणि चकचकीत सालीला भुलू नका. पिकलेल्या कलिंगडाची साल मंद, जरा धुरकट दिसते. सुईने रंग टोचतात वगैरे निरोप दर उन्हाळ्यात फिरतात. मी त्यावर एवढंच म्हणते की ज्या कलिंगडाला भोक पडलं ते उन्हाळ्याच्या दिवसांत पटकन नासतं, आणि नासणारा माल भरून ठेवायला कुठलाही व्यापारी मूर्ख नसतो. पण आधीच कापून उघड्यावर ठेवलेली फोड घेऊ नका, निदान मुलासाठी तरी. अख्खं घ्या, घरी साल धुवा, मग कापा. सुरी सालीतून आत जाते, सालीवरची घाणही तिच्यासोबत आत जाते. खरबुजाच्या बाबतीत हे दुपटीने खरं, कारण त्याच्या जाळीत माती अडकून राहते.

खरबुजात वास देठाकडे नव्हे, उलट टोकाकडे घ्यायचा. गोड वास यायला हवा. जाळी उठावदार हवी, आणि जाळीच्या मागचा रंग हिरव्याकडून पिवळसर, साईकडे गेलेला. देठाची जागा स्वच्छ, गोल खळगीसारखी असेल तर फळ वेलीवरून आपसूक सुटलंय, देठाचा तुकडा तुटून चिकटलेला असेल तर जबरदस्तीने तोडलंय. जाळीवर बोटं फिरवणं हे मुलीचं काम. अतिशय आनंदाने करते.

बाकीची फळं पटापट. द्राक्षांचा हंगाम एप्रिलपर्यंत सरत येतो. काडी हिरवी असेल तर ताजी. चव बघायचीच असेल तर घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी तुम्ही चाखा, तो सगळ्यात शेवटी पिकतो, तो गोड तर वरचे गोडच. मणी मुलीला दुकानात देऊ नका, तो धुतलेलाही नसतो आणि घशात अडकतो. चिकू तुम्ही नखाने किंचित खरवडा: खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर-तपकिरी दिसलं तर तयार. एकाच फळावर खरवडा, सगळ्यांवर नको. ताडगोळे सालीला मऊ आणि पांढरेशुभ्र घ्या, कडक लागले तर जून झालेत. फणस अख्खा घेण्याचं धाडस लहान मूल सोबत असताना करू नका, चीक तुमच्या कपड्यांना, तिच्या केसांना आणि रिक्षाच्या सीटला लागेल. गरे घ्या. करवंदं आणि जांभळं काळीभोर हवीत, लालसर राहिलेली घेऊ नका.

आता बाजारातली वागणूक, कारण तुमचा निम्मा प्रश्न तो आहे.

ढिगासमोर उभं करून 'कुठलं घ्यायचं सांग' म्हणू नका. ढीग म्हणजे तिच्यासाठी खेळ आहे आणि एक खालचं फळ ओढलं की आमच्यासाठी संकट. तुम्ही आधी दोन फळं निवडा, दोन्ही तुम्हाला मान्य असलेली. ती तुमच्या हातात, तिच्या नाकासमोर. 'हा की तो?' ती जे म्हणेल ते घ्यायचं. तिने निवडलेलं परत ठेवून 'नाही गं, हे चांगलं आहे' असं करायचं असेल तर विचारूच नका, मुलांना तो अपमान बरोबर कळतो. दोन्ही फळं नको असतील तेव्हा 'ठेव परत जागेवर' हेही तिला कामच वाटतं. या वयात ठेवणं हे उचलण्याइतकंच मोठं काम असतं.

वास घ्यायला सांगितला की लहान मुलं नाकाने बाहेर फुंकतात. तुमचीही फुंकणार. घरी आधी मोगऱ्यावर सराव करून घ्या: तोंड बंद, नाक फुलापाशी, आत ओढ. फुलाचं जमलं की आंब्याचं जमतं. देठ नाकाला चिकटू देऊ नका, चीक असतो.

तिच्या हाताला काम हवंच असतं, नाहीतर अंगठा पुन्हा आंब्यात जातो. दुकानात पोचल्या पोचल्या तिच्या दोन्ही हातांत एक कैरी द्या. कडक असते, पडली तरी बिघडत नाही, वास छान येतो, आणि दोन्ही हात अडकतात. कैरी शेवटी वजनकाट्यावर तिने ठेवायची. मी कैरीचे पैसे बऱ्याचदा घेत नाही, पण तुम्ही द्यायला काढा.

फळाला हात लावायच्या आधी 'ताई, बघू का?' एवढं विचारा, तिच्यासमोर. आम्ही नाही म्हणत नाही. आणि तिच्याकडून फळ फुटलं किंवा दबलं तर तेच फळ पिशवीत टाका. एकदा असं केलंत की पुढच्या वेळी आम्हीच आतल्या पेटीतला आंबा काढून तिच्या हातात देतो.

खाण्याच्या बाबतीत थोडं, कारण निवडण्याच्या उत्साहात पोरं दुकानातच तोंडात टाकतात. द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत उभी चिरून, चार भाग करूनच द्यायची. जांभूळ, लिची, चिकू यांच्या बिया काढून. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, तो घशात रुतू शकतो, लोकांच्या लक्षात येत नाही. ताडगोळा बुळबुळीत असतो, त्याचे बारीक तुकडे. कलिंगडातल्या काळ्या बिया वेचण्याचं काम तिलाच द्या, ती तुमच्यापेक्षा काळजीपूर्वक करेल. आणि बाजारातून आल्यावर फळांआधी तिचे हात धुवा.

या रविवारी जाणार असाल तर यादी लहान ठेवा: अर्धा डझन आंबे, निम्मे पाडाचे आणि निम्मे हिरवे, शिवाय एक लहान कलिंगड. आंबे तुम्ही निवडा आणि तिला फक्त वास घेऊ द्या, कलिंगड तिला निवडू द्या. ते कलिंगड ती स्वतःच उचलून नेणार म्हणून हट्ट धरेल, तेव्हा कापडी पिशवीत घालून एक बंद तिच्या हातात आणि एक तुमच्या हातात ठेवा. तरीही पडलं, तर तडकलेलं कलिंगड संध्याकाळपर्यंत ठेवू नका. घरी पोचलात की लगेच धुऊन कापा, तडकलेला भाग जरा जास्तच कापून टाका.